आज्ञापालन आणि सदसद्विवेक
(प्राथमिक शाळेच्या वरच्या इयत्तांसाठी एक पाठ व त्यानिमित्ताने शिक्षकांसाठी काही विचार)



परिपाठाच्या वेळी आपण मुलांना रामाची गोष्ट सांगतो. पित्याचा शब्द खोटा ठरू नये म्हणून राम राज्य सोडून वनात गेला, हे ऐकताना वर्ग अगदी शांत होतो. पुढे चार-सहा दिवसांनी आपण प्रल्हादाची गोष्ट सांगतो. पिता राजा होता, त्याने वारंवार आज्ञा केली, धाक घातला. तरीही प्रल्हादाने ती आज्ञा मानली नाही. दोन्ही गोष्टींच्या शेवटी आपण मुलांना तेच सांगतो, की तुम्हीही असेच व्हा. आता एखाद्या चौकस मुलाने उठून विचारले, "गुरुजी, मग वडिलांचे ऐकायचे की नाही ऐकायचे?" तर आपण त्याला काय उत्तर देणार?

हा प्रश्न लहान मुलाचा असला तरी लहान नाही. आज्ञा पाळणे हा सद्गुण आहे, हे आपण पहिलीपासून शिकवतो. मनाला जे अन्यायाचे वाटते ते करू नये, हेही आपण शिकवतो. परंतु ज्या दिवशी या दोन शिकवणी एकमेकींसमोर उभ्या राहतील त्या दिवशी मुलाने काय करावे, हे मात्र आपण बहुधा कधीच शिकवत नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी एक पाठ कसा घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. आज्ञापालनाचे मोल

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आज्ञापालनाचे महत्त्व कमी करणे हा या पाठाचा हेतू नाही. साठ मुलांची शाळा दोन शिक्षक चालवतात ती शिस्तीच्या बळावरच. पूर आला, आग लागली, तर 'का?' असे विचारत बसण्यास सवड नसते. सांगितलेले तत्काळ करावे लागते. सैन्य, रुग्णालय, रेल्वे ही सर्व आज्ञेच्या धाग्याने बांधलेली कामे आहेत. जो मनुष्य कोणाचेच ऐकत नाही, त्याला विवेकी न म्हणता आपण हेकेखोर म्हणतो, आणि ते योग्यच आहे.

शिवाय नित्याच्या शंभर आज्ञांपैकी नव्याण्णवांत विवेकाचा प्रश्नच उद्भवत नाही. पाटी पुसून ठेवा, रांगेत उभे राहा, माहिती सोमवारपर्यंत पाठवा, अशा सूचना कंटाळवाण्या वाटतील. पण त्यांत अन्याय नसतो. खरी परीक्षा होते ती उरलेल्या एका आज्ञेच्या वेळी. ती एक आज्ञा ओळखता यावी, एवढ्यासाठीच हा सारा खटाटोप.

२. पाठाचा विषय : पेशावर, सन १९३०

या पाठासाठी आपल्या स्वातंत्र्यलढ्यातील एक प्रसंग निवडला आहे. तो मिठाच्या सत्याग्रहाइतका मुलांच्या परिचयाचा नाही, आणि त्याचे उत्तर त्यांना आधीच पाठ झालेले नाही, म्हणून तो या कामास अधिक उपयोगी आहे.

दि. ६ एप्रिल १९३० रोजी महात्मा गांधींनी दांडी येथे मिठाचा कायदा मोडला आणि देशभर सविनय कायदेभंगाची चळवळ पसरली. वायव्य सरहद्द प्रांतात, म्हणजे आज पाकिस्तानात असलेल्या मुलखात, खान अब्दुल गफारखान यांनी 'खुदाई खिदमतगार' ही संघटना १९२९ साली उभारली होती. सुडासाठी प्रसिद्ध असलेल्या पठाणांनी तिच्यात सामील होताना अहिंसेची शपथ घेतली होती. दि. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरमध्ये पुढाऱ्यांना अटक झाली तेव्हा शहरातील किस्साखानी बाजारात लोकांचा मोठा जमाव लोटला. सरकारने चिलखती मोटारी व सैन्य आणले. गोळीबार झाला आणि पुष्कळ निःशस्त्र माणसे मृत्युमुखी पडली. मृतांचा सरकारी आकडा आणि चळवळीतील लोकांनी सांगितलेला आकडा यांत फार मोठे अंतर आहे.

या बंदोबस्तासाठी पेशावरात जे सैन्य होते त्यात रॉयल गढवाल रायफल्सची दुसरी बटालियन होती. गढवाल हा हिमालयाच्या कुशीतील डोंगराळ प्रदेश, आज तो उत्तराखंड राज्यात मोडतो. पहिल्या महायुद्धात गढवाली पलटणीतील दरवानसिंग नेगी व गबरसिंग नेगी या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले होते. या पलटणीतील एक हवालदार चंद्रसिंह हा स्वतः फ्रान्स व मेसोपोटेमिया येथील लढायांत लढून आलेला होता. तेव्हा पुढे जे घडले ते भित्रेपणामुळे घडले, असे कोणासही म्हणता येणार नाही. हा मुद्दा मुलांच्या मनावर चांगला ठसवावा.

बाजारातील लोक बहुसंख्येने मुसलमान पठाण होते आणि गढवाली शिपाई हिंदू होते. धर्म वेगळा, भाषा वेगळी, मुलूख शेकडो कोस दूर. तेव्हा या शिपायांचे हात अडणार नाहीत, असा वरिष्ठांचा हिशेब असला तर नवल नाही. परंतु तो हिशेब चुकला. निःशस्त्र लोकांवर शस्त्र चालवण्याच्या कामगिरीस चंद्रसिंहाच्या पुढाकाराने गढवाली शिपायांच्या दोन प्लॅटूननी नकार दिला. २३ व २४ एप्रिल या दोन दिवसांतील घटनांचा क्रम सरकारी कागदपत्रांत एक प्रकारे व शिपायांच्या कथनांत थोडा वेगळ्या प्रकारे आढळतो. तथापि त्यांनी नकार दिला, उघडपणे दिला, आणि आपल्या वरिष्ठांवर बंदूक रोखली नाही, या गोष्टी निर्विवाद आहेत.

त्यांची शस्त्रे काढून घेण्यात आली. लष्करी न्यायालयापुढे खटला चालला. बॅरिस्टर मुकुंदीलाल यांनी शिपायांचा बचाव केला. चंद्रसिंहाला जन्मठेपेची शिक्षा झाली, इतरांना निरनिराळ्या मुदतीचे कारावास भोगावे लागले. चंद्रसिंहाची सुटका १९४१ साली झाली, म्हणजे सुमारे अकरा वर्षे त्याने तुरुंगात काढली. १९४२ च्या आंदोलनात तो पुन्हा तुरुंगात गेला. १९७९ साली त्याचा मृत्यू झाला, आणि १९९४ साली भारतीय टपाल खात्याने त्याच्या स्मरणार्थ तिकीट काढले. 'वीर चंद्रसिंह गढवाली' या नावाने तो आज ओळखला जातो.

३. प्रश्नाची दुसरी बाजू

येथे पाठ संपवला तर मुले टाळ्या वाजवतील आणि विसरून जातील. म्हणून शिक्षकाने आता दुसरी बाजू मांडली पाहिजे.

दि. ५ मार्च १९३१ रोजी गांधी-आयर्विन करार झाला आणि सत्याग्रही कैद्यांची सुटका होऊ लागली. परंतु आज्ञाभंगाबद्दल शिक्षा झालेले सैनिक व पोलीस या सवलतीतून त्या कराराने स्पष्टपणे वगळले. म्हणजे मिठाचा कायदा मोडणारे घरी परतले, आणि गोळी न झाडणारे गढवाली शिपाई तुरुंगातच राहिले.

याविषयी एका फ्रेंच पत्रकाराने गांधीजींना प्रश्न केला. अहिंसेचा एवढा मोठा पुरस्कर्ता या शिपायांची बाजू घेईल, असे कोणासही वाटेल. पण गांधीजींचे म्हणणे निराळे पडले. ज्याने आज्ञा पाळण्याची शपथ घेतली आहे त्याने ऐनवेळी ती मोडणे हा गुन्हाच होय; उद्या स्वराज्य आले तर याच शिपायांकडून व अधिकाऱ्यांकडून आपल्याला काम घ्यावयाचे आहे, आज त्यांना आज्ञा मोडण्यास शिकवले तर उद्या ते आपल्याही आज्ञा मोडतील, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. या उत्तराने त्या काळीही पुष्कळांना धक्का बसला, आणि त्यावर कडक टीका झाली.

आपण येथे गांधीजी बरोबर की चंद्रसिंह बरोबर, असा निवाडा देण्यासाठी बसलेलो नाही. ज्यांच्या मनाच्या सचोटीविषयी शंका घेता येत नाही अशी दोन माणसे एकाच प्रसंगाकडे पाहून भिन्न निर्णयावर येऊ शकतात, हे मुलांना कळणे हाच मोठा लाभ आहे. शपथेचे मोल आहे. तिच्यावर राज्ये चालतात. निःशस्त्र माणसाच्या प्राणाचेही मोल आहे. नोकरी आधी सोडावी आणि मग नकार द्यावा, हा सल्ला शांत वेळी योग्य असतो. परंतु बंदूक खांद्याला लावण्याचा हुकूम झाल्यावर राजीनामा लिहिण्यास सवड कोठून मिळणार?

शांत वेळी काय करता येते याचे उदाहरण मराठी मुलांना आपल्याच इतिहासात सापडते. दि. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली आणि खुद्द सत्ताधारी राघोबादादांस दोषी ठरवले. या पातकास देहान्त प्रायश्चित्तच आहे, असे त्यांनी तोंडावर सांगितले आणि पद सोडून ते पुण्याबाहेर निघून गेले, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. शास्त्रीबुवांजवळ आपले मत बोलून दाखवण्याचा आणि पद सोडण्याचा मार्ग होता. चंद्रसिंहापाशी तेवढाही अवसर नव्हता. मुलांना ही तुलना अवश्य करू द्यावी.

४. एक कसोटी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. राम आणि प्रल्हाद या दोघांनाही आपण आदर्श म्हणतो ते कोणत्या आधारावर?

रामाला मिळालेल्या आज्ञेचे ओझे प्रथम त्याच्या स्वतःच्या खांद्यावर पडत होते. राज्य त्याचे जाणार होते, वनवास त्याला भोगावयाचा होता. असे ओझे मनुष्य आनंदाने उचलतो तेव्हा त्याला आपण त्याग म्हणतो. प्रल्हादाला मात्र पिता असे काही करण्यास सांगत होता, की जे केल्याने त्याची स्वतःची सुटका झाली असती आणि त्याला जे सत्य वाटत होते त्याचा बळी गेला असता. गढवाली शिपायांचेही तसेच होते. आज्ञा पाळली असती तर त्यांचा पगार, निवृत्तिवेतन, पदोन्नती सर्व सुरक्षित राहिले असते, आणि त्याची किंमत बाजारातील अनोळखी पठाणाने आपल्या प्राणांनी दिली असती.

यावरून कसोटी अशी निघते, की आज्ञा समोर आली असता पहिला प्रश्न विचारावा : हिचे ओझे कोणाच्या पाठीवर पडणार आहे? ते माझ्यावर पडत असेल तर शक्यतो सोसावे; तक्रार असल्यास रीतसर करावी. ते दुसऱ्यावर, विशेषतः ज्याला स्वतःचा बचाव करता येत नाही अशावर अन्यायाने पडत असेल तर थांबावे.

या कसोटीला दुसरे अंग आहे, आणि ते पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे. आज्ञा नाकारायची झाल्यास त्या नकाराचे ओझे कोण उचलणार? ज्याने नकार दिला त्यानेच ते उचलले पाहिजे. चंद्रसिंह पळून गेला नाही, आपला नकार त्याने लपवला नाही, दुसऱ्याच्या नावावर ढकलला नाही. शिक्षा झाली ती त्याने भोगली. येथेच विवेकाचा नकार आणि बेशिस्त यांच्यातील सीमारेषा दिसते. बेशिस्त मनुष्य आज्ञा मोडतो आणि लपतो. विवेकाने नकार देणारा समोर उभा राहतो.

"माझा विवेक सांगतो की गृहपाठ करू नये," असे एखादा खट्याळ मुलगा म्हणेल, अशी भीती काही शिक्षकांना वाटेल. त्याला हीच कसोटी लावून दाखवावी. गृहपाठाचे ओझे कोणावर पडते? तुझ्यावरच. मग ते उचल!

५. माणूस नको ती आज्ञा का पाळतो?

क्रूर आज्ञा पाळणारे लोक मुळातच दुष्ट असतात, असे मानणे सोपे असते. त्यामुळे आपण स्वतः त्यांत नाही असे समाधान मिळते. पण अनुभव असा नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे नाझी पुढाऱ्यांवर खटला चालला. नोव्हेंबर १९४५ मध्ये तो सुरू झाला आणि १ ऑक्टोबर १९४६ रोजी निकाल पूर्ण झाला. 'आम्ही केवळ हुकूम पाळला' हा बचाव तेथे वारंवार ऐकू आला. त्या न्यायालयाच्या सनदेतच असे कलम होते, की वरिष्ठाच्या हुकमामुळे आरोपीची जबाबदारी नाहीशी होत नाही. फार तर शिक्षा ठरवताना त्या गोष्टीचा विचार करता येईल. कायद्याच्या दृष्टीने हे तत्त्व पुढे जगभर महत्त्वाचे ठरले.

परंतु साधी, घरंदाज माणसे तरी असे हुकूम का पाळतात, या प्रश्नाचा शोध अमेरिकेतील येल विद्यापीठात स्टॅन्ले मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने १९६१ पासून केलेल्या प्रयोगांत घेतला. या प्रयोगाची माहिती आपल्यासारख्यांनी मुद्दाम करून घ्यावी, कारण त्यात कळ दाबणाऱ्याला 'शिक्षक' व पलीकडच्या खोलीत खुर्चीला बांधलेल्या माणसाला 'विद्यार्थी' असे नाव दिले होते. विद्यार्थ्याचे उत्तर चुकले, की शिक्षकाने विजेचा धक्का द्यावयाचा आणि प्रत्येक चुकीस तो वाढवत न्यावयाचा, १५ व्होल्टपासून ४५० व्होल्टपर्यंत. प्रत्यक्षात धक्का बसत नव्हता आणि विद्यार्थी हा सोंग करणारा होता. पण कळ दाबणाऱ्यास ते ठाऊक नव्हते. तो कचरू लागला, की जवळ उभा असलेला अधिकारी शांतपणे सांगे की प्रयोग पुढे चालू ठेवला पाहिजे. मूळ प्रयोगात ४० जणांपैकी २६ जण शेवटच्या कळेपर्यंत गेले. त्यांतील अनेकांना घाम फुटला होता, हात थरथरत होते. तरी ते थांबले नाहीत.

माणसांना असे फसवून प्रयोग करणे योग्य होते काय, आणि सहभागी लोकांपैकी काहींना संशय आला असेल काय, यावर पुढे बरीच चर्चा झाली. ती गृहीत धरूनही या प्रयोगाच्या दोन निराळ्या प्रकारांतून शिक्षकास घेण्यासारखे पुष्कळ आहे. एका प्रकारात अधिकारी खोलीतून बाहेर जाऊन दूरध्वनीवरून हुकूम देई. तेव्हा शेवटपर्यंत जाणारे सुमारे पाचांत एक एवढेच उरले. दुसऱ्या प्रकारात त्याच कामावर आणखी दोघे बसवले होते आणि ठरल्याप्रमाणे ते एकामागून एक 'आम्ही हे करणार नाही' म्हणून उठले. तेव्हा ४० पैकी अवघे ४ जण शेवटपर्यंत गेले.

याचा अर्थ असा होतो, की बहुतेकांच्या मनात नकार असतो. त्याला वाट दाखवणारा कोणी लागतो. वर्गात एक मूल निर्भयपणे उठून बोलले, तर त्याच्यामागे दहा मुलांना वाचा फुटते. पेशावरात चंद्रसिंहाने हेच केले. म्हणून आपल्या वर्गातील ते पहिले मूल आपण बोलू देतो की खाली बसवतो, यावर फार काही अवलंबून असते.

६. पाठ कसा घ्यावा?

हा पाठ इयत्ता सातवी-आठवीसाठी दोन तासिकांत घेता येईल. पाठटाचण काढताना पुढील क्रम ठेवावा.

(अ) पूर्वतयारी : राम व प्रल्हाद यांच्या गोष्टी मुलांकडूनच थोडक्यात काढून घ्याव्यात आणि आरंभी दिलेला प्रश्न फळ्यावर लिहावा. उत्तर देऊ नये. प्रश्न फळ्यावर तसाच राहू द्यावा.

(आ) विषयनिरूपण : नकाशावर दांडी, गढवाल आणि पेशावर ही तीन स्थळे दाखवावीत. मग प्रसंग सांगावा. हुकूम झाला, या ठिकाणी थांबावे आणि 'आता तुम्ही तेथे असता तर काय केले असते?' हे मुलांना वहीत लिहावयास सांगावे. आधी लिहून घेणे आवश्यक आहे. तोंडी विचारले तर वर्गातील हुशार मुलगा जे बोलेल तेच सर्व जण बोलतात, आणि आज्ञापालनाविषयीचा आपला पाठच अनुकरणाचा पाठ होऊन बसतो.

(इ) तुलना : दुसऱ्या तासिकेस गांधीजींचे मत व रामशास्त्र्यांची हकीकत सांगावी आणि पुढील प्रश्नांवर चर्चा घ्यावी.

१. शिपायांनी हुकूम पाळला असता तर कोणाचे नुकसान झाले असते? नाकारल्यामुळे कोणाचे झाले?
२. चंद्रसिंहाने हवेत गोळी झाडून वेळ मारून नेली असती, तर ते अधिक योग्य झाले असते काय?
३. प्रत्येक शिपाई प्रत्येक हुकूम आपल्या मनाप्रमाणे तपासू लागला तर सैन्याचे काय होईल?
४. शपथ घेताना मनुष्य नेमके कशाचे वचन देतो?

तिसऱ्या प्रश्नास पुरेसा वेळ द्यावा. तो गांधीजींचा प्रश्न आहे, आणि त्याला सोपे उत्तर नाही.

(ई) सामान्यीकरण : ओझ्याची कसोटी मुलांच्याच शब्दांत फळ्यावर यावी. शब्द ओबडधोबड असले तरी चालतील. आपले वाक्य त्यांच्यावर लादू नये.

(उ) उपयोजन : मुलांच्या जीवनातील प्रसंग घ्यावेत. मोठ्या मुलांनी एखाद्या नवागताची चप्पल लपवण्यास सांगितले तर? मित्राने परीक्षेत उत्तरपत्रिका दाखवण्याचा आग्रह धरला तर? घरच्यांनी 'अमक्याच्या घरचे पाणी पिऊ नकोस' असे बजावले तर? शेवटचा प्रश्न नाजूक आहे. त्यावर बोलताना कोणत्याही मुलाच्या घराचा अवमान होणार नाही अशी काळजी घ्यावी. परंतु तो टाळू मात्र नये.

शाळाभेटीत पाहिलेला एक प्रसंग येथे सांगण्यासारखा आहे. चौथीच्या वर्गात गुरुजींनी वर्गनायिकेस सांगितले होते, की बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहून ठेव. गुरुजी परत आले तेव्हा फळ्यावर चार नावे होती आणि एक पुसलेले होते. त्यांनी कारण विचारले. मुलगी म्हणाली, "तो बोलत होता गुरुजी, पण शेजारच्याला गणित समजावून सांगत होता. त्याचे नाव लिहिणे मला बरे वाटले नाही. आपण म्हणाल तर पुन्हा लिहिते." गुरुजींनी क्षणभर विचार केला आणि वर्गासमोर सांगितले, की उद्यापासून गोंधळ करणाऱ्यांची नावे लिहावयाची, बोलणाऱ्यांची नाहीत. त्या मुलीने आज्ञा झिडकारली नाही. तिच्यातील उणीव दाखवून दिली, तीही उघडपणे आणि नम्रपणे. गुरुजींनीही आपला अधिकार सोडला नाही. आज्ञाच अधिक न्याय्य केली. नीतिशिक्षणाच्या दहा तासिकांनी जे साधले नसते ते या दोन मिनिटांत साधले.

येथे कायद्याचाही आधार आपल्याला आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. आणि त्याच्या २९ व्या कलमात बालकाला भयमुक्त करणे व आपले विचार मोकळेपणाने मांडण्यास साहाय्य करणे ही शिक्षणाची अंगे म्हणून सांगितली आहेत. म्हणजे मुलाचे 'पण गुरुजी...' ऐकून घेणे, हा आता शिक्षकाला दिलेला आदेशच आहे. या एका बाबतीत तरी आज्ञा आणि विवेक हातात हात घालून चालतात.

७. आपल्या टेबलावरील आज्ञा

मुले आपल्या पाठापेक्षा आपल्या वागणुकीकडे अधिक पाहतात. म्हणून शेवटी स्वतःकडे वळले पाहिजे.

ग्रामीण शिक्षकास वरून पुष्कळ आदेश येतात, आणि आदेश पाठवणाऱ्यांत प्रस्तुत लेखकासारखे विस्तार अधिकारीही असतात. निवडणुकीचे काम, जनगणना, निरनिराळी माहितीपत्रके यांबद्दल शिक्षकवर्गात नाराजी असते. त्यांतील जनगणना, निवडणूक व आपत्तिनिवारण ही कामे उपरोक्त अधिनियमानेच शिक्षकांकडे ठेवली आहेत. त्यांचे ओझे मुख्यतः आपल्या पाठीवर पडते. ते वाहावे, आणि अतिरिक्त झाल्यास संघटनेमार्फत व अर्जाने दाद मागावी. त्यास विवेकाचा प्रश्न म्हणू नये, नाहीतर विवेक हा शब्दच स्वस्त होतो.

परंतु गैरहजर मुलाची हजेरी मांडा, न शिजलेल्या आहाराची नोंद करा, वाचता न येणाऱ्या मुलास प्रगत दाखवा, असे कोणी तोंडी सुचवले तर तेथे ओझे कोणाच्या पाठीवर पडते? हजेरीपटावरील खोटी रेघ निरुपद्रवी दिसते. पण जे मूल ऊसतोडीला आईबापांबरोबर निघून गेले आहे ते कागदावर वर्गात बसलेले राहिले, तर त्याचा शोध कोण घेणार? ज्याला वाचता येत नाही त्याच्यापुढे 'येते' असे लिहिले, तर त्याला पुन्हा कोण शिकवणार? महाराष्ट्रात ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली तेव्हा अनेक ठिकाणी पटावरील मुले आणि प्रत्यक्ष मुले यांचा मेळ बसला नाही. कागदावरच्या त्या प्रत्येक खोट्या नावापुढे कोणाच्या तरी हाताने हजेरी मांडली होती.

अशा वेळी शिक्षकाने काय करावे? आपला प्रसंग पेशावरचा नाही, हे सुदैव. आपल्यापाशी सवड असते आणि मार्गही असतात. पहिला मार्ग म्हणजे नम्रपणे विचारणे, "साहेब, हे लेखी मिळेल काय?" हे उद्धटपणाचे नव्हे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतही वरिष्ठांचे निर्देश सामान्यतः लेखी असावेत, तोंडी दिल्यास त्यांना लवकरात लवकर लेखी पुष्टी द्यावी, असे म्हटले आहे. जे सांगणे अयोग्य असते ते बहुधा कागदावर उतरत नाही, आणि कित्येक प्रश्न या एका वाक्यानेच सुटतात. दुसरा मार्ग म्हणजे खरी स्थिती आपल्या सहीने नोंदवून ठेवणे. तिसरा, सहकाऱ्यांशी बोलणे; दोघे सोबत उठले तर तिसऱ्याला बळ येते, हे आपण वर पाहिलेच. आणि यातूनही काही किंमत मोजावी लागली, एखादा प्रतिकूल शेरा आला, गैरसोयीची बदली झाली, तर ती आपण मोजावी. ती मुलांच्या माथी मारू नये.

हे लिहिणे सोपे आणि करणे कठीण आहे, याची जाणीव ठेवूनच लिहिले आहे. ज्याच्या घरी म्हातारे आईवडील आहेत, मुलांची शिक्षणे व्हावयाची आहेत, त्याला बदलीचा कागद काही लहान वाटत नाही. म्हणूनच आदेश देणाऱ्यांवरही एक कर्तव्य येते : ज्याचे कारण सांगता येणार नाही असा आदेश देऊ नये, आणि कनिष्ठाने शंका विचारली तर ती अवज्ञा समजू नये. वर्गनायिकेचे ऐकून घेणाऱ्या त्या गुरुजींकडून आम्हा अधिकाऱ्यांनाही हे शिकता येईल.

केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेत हा पाठ एका शिक्षकाने प्रत्यक्ष घेऊन दाखवावा व इतरांनी त्यावर चर्चा करावी, अशी सूचना आहे. चर्चेसाठी दोन प्रश्न देत आहोत.

१. आपण वर्गात रोज देतो त्या आज्ञांपैकी कोणत्या आज्ञांचे कारण आपण मुलांना सांगतो व कोणत्यांचे सांगत नाही? एका दिवसाच्या अशा आज्ञांची यादी करून आणावी.
२. आपल्या वर्गात गेल्या महिन्यात एखाद्या मुलाने आपल्या म्हणण्यास हरकत घेतली काय? घेतली असल्यास पुढे काय झाले? घेतली नसल्यास, त्याचे कारण मुलांचे समाधान हे होते की आपला धाक?